ज्योतिष शिकायचे तर आधी आकाश: नागपुरातील जिज्ञासूंसाठी एक क्रम

ज्योतिष शिकू पाहणारा माणूस बहुधा राशिभविष्यापासून सुरुवात करतो, आणि नेमके तेच या विद्येचे सर्वांत अलीकडचे व सर्वांत पातळ अंग आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात ज्योतिषाचे तीन स्कंध सांगितले होते: ग्रहांच्या गतीचे गणित, जन्मपत्रिकेचा विचार करणारी होरा, आणि पाऊस, पिके, भूकंप, धूमकेतू यांपासून घरबांधणीपर्यंतचे विषय सामावणारी संहिता. या तिन्हींचा इतिहास वेगळा आहे आणि त्यांची विश्वासार्हताही सारखी नाही. म्हणून नवख्याने हे तीन धागे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत, गणित आधी शिकावे आणि फलिताला, म्हणजे भविष्यकथनाला, शेवटी हात घालावा. पुढील क्रम त्याच दृष्टीने, नागपुरात राहणाऱ्या वाचकासाठी मांडला आहे.

सुरुवात चंद्रापासून करावी. विदर्भात पावसाळा संपल्यावर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आकाश बहुतेक रात्री निरभ्र असते, त्यामुळे एक पूर्ण चांद्रमास रोज ठरावीक वेळी चंद्र कोणत्या ताऱ्याजवळ आहे हे वहीत लिहून ठेवणे अवघड नाही. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे १० अंश झाकते. चंद्र दररोज साधारण १३ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे मुठीहून थोडा जास्त. पूर्ण वर्तुळाचे २७ भाग केले की प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा (६० कला म्हणजे एक अंश) होतो, आणि नक्षत्र म्हणजे काय हे पाठ न करता कळते. रामटेकला त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला गेलात तर चंद्राजवळ कृत्तिकांचा पुंजका शोधा. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्यावरून चांद्रमासाला नाव मिळाले आहे, आणि कार्तिकाचे नाव त्या रात्री डोळ्यांनी तपासता येते. शहरातील दिव्यांमुळे तारे ओळखणे जड जात असेल, तर रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात एकदा जाऊन यावे आणि मग शहराबाहेरच्या अंधारात वही उघडावी.

ही नक्षत्रपद्धती आपल्याकडची सर्वांत जुनी आहे. वेदांगांपैकी एक असलेल्या लगधाच्या ‘वेदांगज्योतिष’ या छोट्या ग्रंथात पाच वर्षांचे एक युग मानले आहे. त्यात १८३० दिवस, ६२ चांद्रमास आणि चंद्राच्या ६७ नक्षत्रप्रदक्षिणा येतात. ग्रंथाचा हेतू यज्ञाचा काळ ठरवण्याचा आहे. त्यात मेष, वृषभ नाहीत, वार नाहीत, आणि जन्मवेळेवरून माणसाचे भविष्य सांगण्याचा विषयही नाही. उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी होते, असे लगध सांगतो. आज ते स्थान तेथून बरेच सरकलेले आहे, कारण पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश फिरतो आणि सुमारे ७२ वर्षांत एक अंशाचा फरक पडतो. त्यावरूनच या निरीक्षणाचा काळ इसवी सनापूर्वी बाराशे ते चौदाशे वर्षांच्या आसपासचा मानला जातो, ग्रंथ मात्र त्यानंतर लिहिला गेला असावा. याच ग्रंथातील आणखी एक आकडा नागपूरकराने घरी बसून पडताळावा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाचे प्रमाण तेथे ३:२ दिले आहे. नागपुरात जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा आणि डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस १० तास ५० मिनिटांचा असतो, म्हणजे हे प्रमाण ५:४ च्याही जरा खाली राहते. ३:२ हे प्रमाण आपल्या बरेच उत्तरेला, ३५ अक्षांशाच्या आसपास जुळते. बाबिलोनमध्येही हेच प्रमाण वापरात होते, आणि त्यावरून अभ्यासकांत वाद आहेत.

बारा राशींची कथा निराळी आहे. मेसोपोटेमियातील पुरोहित आकाशातील घटनांचे शकुन मातीच्या विटांवर नोंदवत. ‘एनूमा अनु एनलिल’ या नावाने ओळखला जाणारा त्यांचा संग्रह सुमारे ७० विटांचा आहे आणि त्यातील शकुन मुख्यतः राजा व राज्य यांच्यासाठी आहेत. सारख्या ३० अंशांच्या बारा राशी तेथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात रूढ झाल्या, आणि आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या जन्मपत्रिका इसवी सनापूर्वी ४१० च्या, त्याच प्रदेशातील आहेत. क्षितिजावर उगवणाऱ्या राशीला लग्न मानून त्यापासून बारा स्थाने मोजण्याची पद्धत ग्रीक भाषिक इजिप्तमध्ये आकाराला आली. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ती भारतात पोहोचली; ‘यवनजातक’ हा संस्कृत ग्रंथ त्याची साक्ष आहे, आणि केंद्र, पणफर, आपोक्लिम, होरा हे शब्दही ग्रीकमधून आलेले आहेत. वराहमिहिराला या ऋणाचा संकोच नव्हता. यवन (ग्रीक) म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात उत्तम वसले आहे, म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. आज जे कुंडलीला अक्षरशः वैदिक म्हणतात, त्यांच्यापेक्षा वराहमिहिर अधिक मोकळा होता, असे मला वाटते.

हे थर आपल्या परिसरातील कोरीव लेखांतही दिसतात. रामटेकजवळच्या नंदिवर्धन या वाकाटकांच्या राजधानीहून प्रभावतीगुप्ता या राणीने दिलेल्या ताम्रपटात कार्तिक शुद्ध द्वादशीचा उल्लेख आहे. दानाची वेळ सांगायला महिना, पक्ष आणि तिथी पुरेशी होती. वाराचा उल्लेख असलेला भारतातील सर्वांत जुना निश्चित लेख इसवी सन ४८४ चा, मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभावरचा आहे, आणि तो वार गुरुवार आहे.

वारांचा क्रम कसा आला, हे एकदा कागदावर करून पाहावे. न समजता पाठ केलेल्या दहा गोष्टींपेक्षा हे एक गणित जास्त शिकवते. ग्रह मंद गतीकडून शीघ्र गतीकडे मांडा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या २४ होरांना, म्हणजे तासांना, याच क्रमाने एकेक ग्रह द्या. पहिली होरा शनीची असेल तर आठवी, पंधरावी आणि बाविसावीही शनीची येते, तेविसावी गुरूची, चोविसावी मंगळाची, आणि दुसऱ्या दिवसाची पहिली रवीची. म्हणून शनिवारानंतर रविवार. असेच पुढे गेले की सातही वार आपोआप ओळीने लागतात.

आता पंचांग हाती घ्यावे. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही त्याची पाच अंगे. सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते, आणि तिथीचा व नक्षत्राचा समाप्तिकाळ संपूर्ण भारतात एकच असतो, कारण तो पृथ्वीच्या केंद्रावरून मोजलेला असतो. सूर्योदय मात्र गावागणिक बदलतो. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला असल्याने आपल्याकडे मध्यान्ह २५ मिनिटे आधी होतो, आणि सूर्योदयातही ऋतूनुसार कमीअधिक असा फरक पडतो. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी, हा नियम लावताना मुंबईचा सूर्योदय धरला तर क्वचित एखाद्या दिवसाची तिथी चुकते. पंचांगाच्या मागील पानांवर स्थानिक फरकाचे कोष्टक असते, ते वापरण्याची सवय लावावी.

लग्न काढणे ही खरी कसोटी आहे. सूर्योदयाच्या क्षणी सूर्य ज्या राशीत असतो तीच रास पूर्व क्षितिजावर उगवत असते, आणि दिवसभरात बाराही राशी उगवतात; त्यामुळे एका राशीला दोन तास, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. तो किती फसवतो ते पाहा. समजा, १५ जानेवारीला नागपुरात दुपारी १२ वाजून २० मिनिटांनी जन्म झाला. सूर्य नुकताच मकरेत आलेला आहे आणि सूर्योदय सातला पाच-सहा मिनिटे असताना झाला. दोन तासांच्या हिशेबाने नऊच्या आत मकर संपते, अकराच्या आत कुंभ, आणि जन्मवेळी मीन लग्न येते. प्रत्यक्षात त्या वेळी मेष लग्नाचा नववा अंश उगवत असतो. कारण असे, की क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याचा आकाशातील वार्षिक मार्ग, क्षितिजाशी कधी उभे तर कधी तिरपे असते. आपल्या २१ अक्षांशावर मीन रास सुमारे दीड तासात उगवते, तर वृश्चिकेला सव्वादोन तास लागतात. म्हणून लग्नसारणी, म्हणजे लग्न काढण्याचे कोष्टक, नागपूरच्या अक्षांशाचीच हवी. घड्याळाची वेळही सुधारावी लागते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि नागपूर ७९.१ वर असल्याने आपली स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे साडेतेरा मिनिटे मागे असते. आजोबांची पत्रिका मांडत असाल आणि त्यांचा जन्म सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळातला असेल, तर युद्धकाळात घड्याळे एक तास पुढे केलेली होती, हे विसरू नका. मोबाइलमधील ॲप हे सारे क्षणात करते, परंतु त्याला जन्मस्थळ म्हणून मुंबई दिली की तेही निमूटपणे चुकीचे उत्तर देते.

यानंतर अयनांशाचा प्रश्न येतो. आपली पंचांगे निरयन आहेत, म्हणजे राशी ताऱ्यांपासून मोजतात. पाश्चात्त्य पद्धत वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून मोजते, आणि दोन्हींतील अंतर म्हणजेच अयनांश; तो आज सुमारे २४ अंश आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला हा अयनांश धरला आणि बहुतेक पंचांगे त्याच चित्रापक्षाची, म्हणजे चित्रा तारा आधार धरणारी आहेत. टिळक पंचांग रेवती तारा धरणाऱ्या रेवतीपक्षाचे असून त्याचा अयनांश सुमारे चार अंशांनी कमी आहे. एकाच बाळाची रास दोन पंचांगांत वेगळी आली, तर भांडण्याआधी त्यांचे पक्ष तपासावेत. या सर्व वादांचा मुळापासून अभ्यास करायचा असेल, तर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ सालचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा इतिहासग्रंथ आजही वाचनीय आहे.

एवढे झाल्यावर फलिताकडे वळावे, आणि तेथे डोळे उघडे ठेवावेत. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास महाराष्ट्रातील ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिकांतून प्रत्येकाला ४० पत्रिका देऊन, कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले होते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ जणांची अचूकता ४६ टक्के निघाली, म्हणजे नाणेफेकीहून सरस नाही. ग्रहगणिताने ग्रहणाचे मिनिट सांगता येते. फलिताला तशी कसोटी पार करता आलेली नाही, ही गोष्ट शिकणाऱ्याने स्वतःपासून लपवू नये. परंपरा, संस्कृती आणि साहित्य समजून घेण्यासाठी फलिताचे नियम वाचायला हरकत नाही, आणि त्यासाठी वराहमिहिराचे ‘बृहज्जातक’ हा जुना व नेटका पाया आहे.

व्यवहारात मात्र फलिताचा पहिला प्रश्न विवाह जुळवतानाच येतो, आणि तो बहुधा मंगळाचा असतो. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिकेला मंगळ आहे म्हणतात. वरील १५ जानेवारीच्या पत्रिकेत मंगळ कन्येत आहे असे धरा. ढोबळ हिशेबाच्या मीन लग्नाने तो सातवा येतो आणि स्थळ नाकारले जाते. नागपूरच्या सारणीने काढलेल्या मेष लग्नाने तो सहावा येतो, म्हणजे ज्या नियमाने नकार दिला त्याच नियमाने मंगळ नाही. तेव्हा समोरच्याने आणलेली पत्रिका वाचण्याआधी तिच्यावर जन्मस्थळ, जन्मवेळ आणि अयनांश लिहिले आहेत का ते पाहावे, आणि लिहिले नसतील तर लग्न स्वतः पुन्हा काढावे.