मिश्र जातीचं पिल्लू केवढं होणार आणि कधीपर्यंत वाढणार: अंदाज कसा बांधावा

‘छोटंच राहील हो’ या भरवशावर दोन खोल्यांच्या घरात नेलेलं पिल्लू सातव्या-आठव्या महिन्यात परत येतं, तेव्हा त्याचे हाल सुरू होतात. त्या वयाच्या कुत्र्याला दुसरं घर मिळणं फार अवघड. गावठी-लॅब, गावठी-पॉम, गावठी-शेफर्ड अशा पिल्लांचा बाप बहुतेक वेळा कुणी पाहिलेलाच नसतो, म्हणून लोक अंदाजच करत नाहीत किंवा मनाला येईल ते सांगतात. थोडी मेहनत घेतली तर कामापुरता अंदाज नक्की बांधता येतो.

वजन. पिल्लाला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. दर आठवड्याला एकाच वारी, खायला घालण्याआधी. तारखेसकट लिहून ठेवा.

वय. सगळा अंदाज फसतो तो इथे. मलाही सुरुवातीला हेच सगळ्यात जड गेलं. वजन काटा सांगतो, वय मात्र आपण ऐकीव धरतो. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाबद्दल ‘दोन महिन्यांचं असेल’ असं सांगणाऱ्यानं त्याचा आकार पाहिलेला असतो, आणि जंतांनी पोखरलेलं, अर्धपोटी पिल्लू वयापेक्षा लहानच दिसतं. चार महिन्यांच्या पिल्लाला अडीच महिन्यांचं धरलं की पुढचं सगळं गणित कोसळतं. म्हणून आकारावरून वय ठरवू नका, तोंड उघडून दात बघा. उपासमारीनं वजन जितकं मागे पडतं तितके दात मागे पडत नाहीत.

दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांत सगळे २८ येतात. ते बारीक आणि सुईसारखे टोकदार असतात. यानंतर काही आठवडे दातांत फारसा बदल दिसत नाही. या टप्प्यात ‘दोन ते तीन महिने’ एवढंच म्हणा, त्याहून नेमकं सांगण्याचा आव आणू नका.

खरा पुरावा मिळतो तो दात बदलायला लागल्यावर. तीन ते चार महिन्यांच्या दरम्यान पुढचे, अगदी मधले दात पडतात आणि त्या जागी रुंद दात येतात. पाचव्या महिन्यापर्यंत पुढचे बाराही दात बदललेले असतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात सुळे बदलतात. मागच्या दाढा धरून सगळे ४२ कायमचे दात सहा-सात महिन्यांत पूर्ण होतात. मोठ्या चणीच्या पिल्लांत हे थोडं लवकर, लहान चणीच्या पिल्लांत थोडं उशिरा. एकाच जागी दोन सुळे दिसले तर घाबरू नका. वरच्या जबड्यात नवा सुळा दुधाच्या सुळ्याच्या पुढे येतो आणि काही दिवस दोन्ही सोबत राहतात. दुधाचा सुळा हलतच नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

हे उजेडात, शांतपणे बघा. भेदरलेल्या पिल्लाच्या तोंडात बोटं घालू नका. रस्त्यावरच्या पिल्लाचा दात लागला, अगदी ओरखडा उठला, तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठायचा. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीजचा धोका टळत नाही.

गट, म्हणजे मोठेपणी चण लहान, मध्यम की मोठी. आई दिसत असेल तर तिच्याकडे नीट बघा, यापेक्षा चांगला आधार नाही. गावठी मादी साधारण १५ ते २० किलोंची असते, नर त्याहून भारी. बाप मात्र गृहीत धरू नका, एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. काळं तुकतुकीत अंग आणि पडलेले कान म्हणजे लॅब, हे तर डोक्यातून काढूनच टाका. गावठी पिल्लांचेही कान आधी पडलेलेच असतात. दात येण्याच्या दिवसांत एक उभा आणि एक आडवा असंही चालतं.

पंजांवरून आकार सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. अंग वाळलेलं असलं की पंजे आणि मनगटं आपोआप मोठी दिसतात. मनगटाचे सांधे खरोखर सुजल्यासारखे जाड दिसत असतील, तर तो मुडदूस असू शकतो. मग पिल्लू डॉक्टरांना दाखवायचं.

गणित. ‘वजन भागिले आठवडे गुणिले ५२’ हे सूत्र सगळीकडे फिरतं. ते चुकीचं आहे. पिल्लू वर्षभर एकाच वेगानं वाढतं असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात पहिल्या चार-पाच महिन्यांत वाढ झपाट्यानं होते आणि मग मंदावते. त्यामुळे उत्तर नेहमी फुगून येतं. अर्ध्या वजनाचा नियम वापरा. मोठेपणी दहा किलोंच्या आत राहणारी पिल्लं साडेतीन महिन्यांच्या आसपास, मध्यम चणीची चार महिन्यांच्या सुमारास आणि मोठ्या चणीची पाच महिन्यांच्या सुमारास आपल्या अंतिम वजनाच्या निम्म्यावर येतात.

समजा, मधले दात नुकतेच बदललेली, साधारण १७ आठवड्यांची गावठी मिश्र मादी साडेआठ किलोंची आहे. दुप्पट केलं की १७ किलो. दोन किलो इकडे-तिकडे धरा. त्या फिरत्या सूत्रानं हीच मादी २६ किलोंची होते, आणि घाबरून तिला घरी न्यायला नको म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत.

पिल्लू खंगलेलं असेल तर आज गणित करूच नका. डॉक्टरांकडून जंताचं औषध द्या, तीन-चार आठवडे नीट खाऊ घाला. दूध-पोळी म्हणजे नीट खाणं नव्हे. दर आठवड्याची वाढ स्थिर झाली की मग हिशेब मांडा.

कधी थांबणार. लहान चणीची कुत्री आठ ते बारा महिन्यांत, मध्यम चणीची सुमारे वर्षात, मोठ्या चणीची बारा ते अठरा महिन्यांत पूर्ण होतात. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डचं रक्त असेल तर दोन वर्षंही लागतात. उंची आधी थांबते, वजन नंतर. मध्यम गावठी मिश्र कुत्रा आठ-नऊ महिन्यांत जवळजवळ पूर्ण उंच दिसतो, छाती मात्र पुढे कित्येक महिने भरत राहते. लागोपाठ दोन महिने उंची आणि वजन दोन्ही जागच्या जागी राहिली, की वाढ पूर्ण झाली असं समजा. हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा (ज्या मऊ भागातून हाड लांब होतं तो) बंद झाली की नाही, हे एक्स-रेत दिसतं. ती बंद होईपर्यंत दुचाकीमागे पळवणं, उंचावरून उड्या मारायला लावणं बंद.

‘लवकर मोठं होऊ दे’ म्हणून मेडिकलमधून कॅल्शियमची बाटली आणू नका. पहिल्या सहा महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही आणि हाडं वेडीवाकडी होऊ शकतात, मोठ्या चणीच्या पिल्लांत तर विशेष. नसबंदीनं वाढ खुंटते हीसुद्धा अफवाच. फार लवकर केली तर कूर्चा उलट थोडी उशिरा बंद होते आणि पाय किंचित लांब होतात. नसबंदीनंतर वजन वाढलं तर ती चरबी असते, वाढ नव्हे. खाणं मोजून द्या.

आणि अंदाज काहीही निघो, वाढ थांबेपर्यंत गळपट्ट्याखाली दर आठवड्याला दोन बोटं घालून बघा. पिल्लू वाढलं आणि पट्टा तसाच राहिला, म्हणून मानेत रुतलेले पट्टे कापून काढावे लागतात.