दोन फोनांतला एक निवडताना: किनाऱ्यावरच्या घरांसाठी

फोनच्या खोक्यावरचा प्रत्येक आकडा कुठल्या तरी प्रयोगशाळेत मोजलेला असतो. तिथे पाणी गोडं असतं, हवा कोरडी असते आणि वीज जात नाही. माझं दुरुस्तीचं दुकान देवगड तालुक्यात आहे, बंदराच्या रस्त्याला. माझ्या टेबलावर येणारे फोन खाऱ्या वाऱ्यात, चार महिन्यांच्या पावसात आणि चिऱ्याच्या जाड भिंतींआड वापरलेले असतात. "गो चेडवा, ह्यो घेव काय तो?" असं दोन फोनांची नावं घेऊन कुणी विचारलं, की मी प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न लावते: हा कुठे मोजला, आणि तुम्ही फोन कुठे वापरणार?

व्हिडिओवरची परीक्षणं मीही बघते. गेम किती वेगाने चालतो, फोन किती तापतो, हे त्यात नीट कळतं. पण तुमच्या माजघरात रिंग वाजेल का, हे दिल्ली-बंगळुरात बसलेला माणूस सांगू शकत नाही. ते आपणच बघायचं.

वहीच्या पानावर दोन रकाने आखा, प्रत्येक फोनला एक. दोनच. चार-पाच फोन एकदम तोलायला घेतले की शेवटी रंग बघून निर्णय होतो. किंमत लिहिताना खिशातून खरंच जाणारे पैसे लिहा: कव्हर, काच, आणि खोक्यात चार्जर नसेल तर तोही. जुन्या फोनच्या बदल्यात मिळणारी रक्कम यात धरू नका. तो फोन तुमचाच आहे, त्याचे पैसे कुठेही विकला तरी येणारच.

पाणी, आणि त्यातलं मीठ

फोन धूळ आणि पाणी किती अडवतो ते सांगायला 'आयपी ६८' किंवा 'आयपी ६४' असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. धुळीसाठी ६ हा सगळ्यांत वरचा. पाण्यासाठी ४ म्हणजे उडालेले शिंतोडे, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आणि ८ म्हणजे त्याहून कठीण कसोटी. पण ८ ची खोली आणि वेळ कंपनीच ठरवते. म्हणून ६८ लिहिलेले दोन फोन सारखे नसतात: सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत ती खोली १.५ मीटर आहे, आयफोन १२ पासून पुढच्या बऱ्याच आयफोनांत ६ मीटर. हे कंपनीच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात असतं. ते शोधा आणि रकान्यात लिहा. हल्ली ६९ ही दिसतो. तो जोराने मारलेल्या गरम पाण्याच्या फवाऱ्यासाठी असतो, बुडण्यासाठी नाही. म्हणून चांगल्या फोनांवर ६८ आणि ६९ दोन्ही छापतात.

या सगळ्या चाचण्या गोड्या पाण्यातल्या आहेत. खारं पाणी सुकतं तेव्हा मीठ मागे राहतं, ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि अशा ओल्या पोर्टमध्ये, म्हणजे चार्जरच्या खाचेत, चार्जर खुपसला की वीज वाहून आतल्या पिना खायला लागते. आमच्याकडच्या फोनचं चार्जिंग पोर्ट मी भिंगाखाली धरते तेव्हा बऱ्याचदा पिना हिरवट किंवा काळ्या पडलेल्या असतात. त्यातले कितीतरी फोन पाण्यात कधी पडलेलेच नसतात. नुसते जेटीवर, होडीवर, मासळीच्या टोपलीशेजारी असतात. म्हणून दुकानात सिमचा ट्रे बाहेर काढून बघा. त्याच्या कडेला रबराची बारीक रिंग आहे का? एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, तर किनाऱ्यावर राहणाऱ्याने रिंगवाल्याला मोठा गुण द्यावा. वायरलेस चार्जिंग असेल तर तोही गुणच: पोर्ट ओलं असल्याचा इशारा आला, तरी फोन पुसून चार्जिंगच्या चकतीवर ठेवता येतो. पावसाळ्यात हा इशारा वरचेवर येतो.

वॉरंटीच्या कागदात पाण्याने झालेलं नुकसान धरलं आहे का, तेही वाचा. बहुतेक ठिकाणी धरलेलं नसतं, आयपीचा आकडा कितीही मोठा असला तरी. आणि एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते: स्क्रीन बदलायला फोन एकदा उघडला की कडेचा चिकट थर तुटतो. तो नवा बसवून घ्या, आणि त्यानंतर त्या फोनला पाण्यापासून सुरक्षित समजू नका.

समुद्राच्या पाण्यात पडलाच, आणि फोन ६७-६८ चा असेल, तर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पुसा, उभा धरून पाणी निथळू द्या, पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. आयपी नसलेला फोन मात्र धुवायचा नाही. लगेच बंद करा आणि दुरुस्तीला न्या. तांदळाच्या डब्यात दोन्ही ठेवू नका. ॲपलने तर तसं करू नका असं स्पष्ट लिहिलं आहे, कारण तांदळाचे बारीक कण आत जातात. पोर्टमधून तांदळाचा पिठूर मी स्वतः टोकरून काढलेला आहे.

ओल्या हाताची परीक्षा दुकानातच होते. बोटं पाण्यात बुडवा, स्क्रीनवर चार थेंब शिंपडा आणि एक नंबर लावून बघा. काही फोनांत ओल्या स्क्रीनसाठी वेगळी सोय असते. वनप्लस तिला 'ॲक्वा टच' म्हणतं. बोटाच्या ठशाचंही तसंच. स्क्रीनखालचा प्रकाशाने ठसा वाचणारा सेन्सर ओल्या बोटाला अडतो, ध्वनिलहरींनी वाचणारा बराच कमी अडतो, पण तो महागड्या फोनांतच मिळतो. काजूच्या कारखान्यात किंवा चिरेखाणीवर काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. अशा घरात ज्याला फोन वापरायचा आहे त्यालाच दुकानात न्या. मुलाच्या बोटाने फोन उघडला म्हणून आईच्या बोटाने उघडेलच असं नाही.

रेंज

ही ओळ सगळ्यांत जास्त वेळ देऊन भरा.

फोन कोणकोणते बँड, म्हणजे टॉवरच्या लहरींचे पट्टे, पकडतो, ते कंपनीच्या संकेतस्थळावर भारतातल्या मॉडेलखाली दिलेलं असतं. जिओची ५जी सेवा ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे एन२८ बँडवरही चालते. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब पोचतात, भिंतीतून आणि झाडीतूनही बऱ्यापैकी आत येतात. ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा एन७८ वेगवान आहे, पण डोंगराआड आणि चिऱ्याच्या भिंतीआड तो लवकर दमतो. बीएसएनएलची ४जी सेवाही ७०० आणि २१०० वर आहे. जुन्या किंवा बाहेरदेशातून आणलेल्या फोनात ७०० चा बँड २८ नसला, तर टॉवर समोर असूनही फोन रडतो. आखातात काम करणारा भाऊ तिकडून फोन आणतो म्हणाला, तर त्याला मॉडेल नंबर विचारा आणि बँड जुळवून बघा.

मग वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून साधा कॉल. घरात ब्रॉडबँड असेल तर या एका सोयीने माजघरातला फोन वाजू लागतो. फोनमध्ये ती आहे का, आणि तुमच्या सिमवर त्या मॉडेलसाठी चालू होते का, दोन्ही विचारा.

स्क्रीनवरच्या दांड्यांवरून दोन फोनांची तुलना करू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', त्यात सिमची माहिती उघडली की बहुतेक अँड्रॉइड फोनांत सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो: उणे ८५ चांगला, उणे ११५ म्हणजे बोलणं तुटणार. ३ डीबीएमचा फरक म्हणजे सिग्नलची ताकद निम्मी किंवा दुप्पट. एकच सिम आळीपाळीने दोन्ही फोनांत घाला, घरातल्या त्याच कोपऱ्यात उभे राहा, फोन ४जीवर आहे की ५जीवर ते बघा, मिनिटभर थांबा आणि आकडा लिहा. पडवीत एकदा, माजघरात एकदा, आणि बागेत काम करत असाल तर बागेत.

हे दोन फोन घरी आणायचे कुठून? गणपतीत. मुंबईचे चाकरमानी गावी आले की वाडीत बाजारातली जवळपास सगळी मॉडेलं हजर असतात. आरतीनंतर पुतण्याकडे, शेजारच्या दादाकडे पंधरा मिनिटं फोन मागा. कुणी नाही म्हणत नाही. ऑनलाइन दुकानांचे मोठे सेल नवरात्र-दिवाळीच्या सुमारास लागतात, म्हणजे पारखायला गणपती आणि विकत घ्यायला दसरा हा क्रम आपोआप जुळतो. फक्त त्या दिवसांत नेटच्या वेगावरून फोनला नावं ठेवू नका. माणसं वाढली की टॉवरवर ताण येतो, वेग पडतो. सिग्नलचा डीबीएम आकडा मात्र तेव्हाही तुलनेला चालतो.

बॅटरी

चार्जर किती वॅटचा याची जाहिरात मोठी असते. आपल्याकडे आधी साठा बघावा, तो एमएएचमध्ये लिहितात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी अर्ध्या तासात भरणारा फोन आणि दीड तासात भरणारा फोन यात फरक उरत नाही; बॅटरीत किती शिल्लक आहे एवढंच मोजायचं. सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या बॅटऱ्या आल्यापासून ६,०००-७,००० एमएएचचे फोनही हातात जड लागत नाहीत. पॉवर बँकही त्या हिशेबाने घ्या: १०,००० ची पॉवर बँक ७,००० च्या फोनला जेमतेम एकदा भरते, कारण मधे काही ऊर्जा उष्णतेत जाते. आणि जिथे रेंज कमी, तिथे फोन टॉवर गाठायला जास्त जोर लावतो आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणून रेंजच्या ओळीत हरलेला फोन बॅटरीतही हरण्याची शक्यता मोठी.

कॅमेरा

इथे आंब्याचा धंदा आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो बघून पेटी सांगतं. फोनने हापूसचा पिवळा रंग भडक केशरी करून दाखवला, की पेटी उघडल्यावर तक्रार येते. त्यामुळे माझ्या दृष्टीने खरा रंग दाखवणारा कॅमेरा सुंदर रंग दाखवणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी मोलाचा. हंगाम नसेल तर पिकलेलं केळं किंवा हळदीच्या रंगाचं लुगडं घ्या. पडवीच्या उजेडात दोन्ही फोनांनी फोटो काढा आणि वस्तू शेजारी धरून बघा. दोन्ही फोटो एकाच स्क्रीनवर बघायचे, कारण स्क्रीनही आपापला रंग चढवते. व्हॉट्सॲपने पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो.

दुसरा फोटो पोफळीच्या बागेत, दुपारी: खाली गर्द सावली, वर पांढरं आभाळ. झावळ्यांची टोकं दिसतात का आणि सावलीतल्या माणसाचं तोंड काळं पडतं का, ते बघा. तिसरा दशावतारात, रात्री. हलणारा माणूस, लाल वेश, ट्यूबलाइट. ज्या फोनने तिथे स्पष्ट फोटो दिला, तो घरातल्या बारशापासून लग्नापर्यंत सगळं टिपेल.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात चार-चार ठिपके जोडून १२.५ चा फोटो देतो, २०० चा कॅमेरा सोळा-सोळा जोडून तेवढाच देतो. मागे २ मेगापिक्सेलची जादा भिंगं दिसली तर ती मोजूही नका. हात हलला तरी फोटो सांभाळणारं ओआयएस मात्र बघा. ते असलेला फोन दुचाकीच्या हँडलला लावून फिरू नका; मोटरसायकलच्या कंपनांनी हा भाग बिघडू शकतो, असं ॲपलने २०२१ मध्ये लिहूनच ठेवलं आहे.

बाकीचं, थोडक्यात

स्क्रीनच्या उजेडाचा ४,००० निट्ससारखा आकडा पडद्याच्या लहानशा भागाचा असतो. भर दुपारी दुकानाबाहेर उन्हात दोन्ही फोन धरा, दहा मिनिटं व्हिडिओ काढा. तापल्यावर कोणता पडदा आधी मंद होतो ते दिसेल.

'८+८ जीबी' मधली दुसरी ८ ही खरी रॅम नव्हे, स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा आहे. स्टोरेज ईएमएमसी या जुन्या, संथ प्रकारचं असेल तर दुसरा फोन घ्या, वेगवान यूएफएस हवं. सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं, ते लेखी बघा: पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून ७ वर्षांचं आश्वासन मिळू लागलं आहे, स्वस्त फोनांत ते बरंच कमी असतं.

होडीवर नेणाऱ्यांनी दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारं जीपीएस आणि जागा दाखवणारी इस्रोची उपग्रह-सेवा 'नाविक' आहे का, ते बघावं. रेंज संपल्यावरही जागा कळते, पण नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा. होडीवरच्या जीपीएस यंत्राची जागा फोनला देऊ नका.

आता माझ्या धंद्यातलं. घेण्याआधी त्या मॉडेलच्या मूळ स्क्रीनची किंमत विचारा, आणि कंपनीचं सेवा केंद्र कुठे आहे तेही: कणकवलीत, रत्नागिरीत, की घाट चढून कोल्हापुरात. स्क्रीन फोनच्या किमतीच्या अर्ध्यावर जात असेल तर मी तो फोन घेऊ देत नाही. कडेला वळलेल्या स्क्रीनवर संरक्षक काच नीट बसत नाही, त्यामुळे सपाट स्क्रीन बरी. गावात पुष्कळ खपलेल्या मॉडेलचे सुटे भाग लवकर मिळतात, हेही रकान्यात लिहा.

पैसे देण्याआधी *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळखीचा नंबर, खोक्यावरच्या नंबरशी जुळवा. वापरलेला फोन घेत असाल तर इंग्रजी अक्षरांत केवायएम (KYM), मग जागा सोडून तो १५ अंकी नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. नंबर बिलावर लिहून घ्या आणि बिलाचा फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर ठेवा. फोन हरवला तर सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तो बंद करायला हाच नंबर लागतो.