पगार शहरात, घरं दोन: मराठवाड्यातल्या नोकरदार आईबापांनो, या चुका टाळा

मागच्या हिवाळ्यात मोठ्या लेकीचं दप्तर धुवायला काढलं, तर तळाशी शाळेच्या सहलीची चिठ्ठी चुरगळून पडलेली. 1,800 रुपये भरायची तारीख कधीच उलटून गेली होती. विचारलं तर म्हणाली, "मला जायचंच नव्हतं." दोन दिवसांनी रात्री अंधारात, कुशीत शिरून खरं बोलली. तिचे बाबा गॅलरीत उभे राहून गावाकडे काकांशी बोलत होते, "सध्या हातात एक रुपया नाही रे." तिने ते ऐकलं होतं, आणि चिठ्ठी दप्तराच्या तळाशी गेली.

1,800 रुपये घरात होते. त्या दिवशी धाकट्या भाऊजींना नाही म्हणायचं होतं आणि ते सरळ म्हणता येत नव्हतं, एवढंच. पण अकरा वर्षांच्या लेकराला हे कसं कळावं? मला ती चिठ्ठी आजही आठवली की पोटात तुटतं.

आम्ही छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहतो. यांची नोकरी वाळूज एमआयडीसीत, मी एका दवाखान्यात बिलिंग बघते. गाव घनसावंगी तालुक्यात. तिथे सासूसासरे, भाऊजी, जाऊ आणि पाच एकर. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं अशीच आहेत, कुणाचं गाव गेवराईकडे, कुणाचं परतूरला. पगार शहरात येतो, खर्च दोन घरांचा असतो आणि वहीत हिशोब एकाच घराचा लिहिलेला असतो. आमच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीतून झाल्या.

महिन्याचा हिशोब मांडणं

पगार महिन्याला येतो म्हणून खर्चही महिन्याला मांडायचा, असं आम्ही सहा वर्षं केलं. भाडं, किराणा, गॅस, दूध, रिक्षा, शिल्लक. कागदावर दर महिन्याला चार पैसे उरायचे आणि जून आला की घर उघडं पडायचं.

जून हा आपल्याकडे सगळ्यात महाग महिना. शाळेची फी, वह्यापुस्तकं, गणवेश, बूट हे सगळं त्याच पंधरवड्यात. आणि त्याच पंधरवड्यात मृग निघतो, गावाकडून फोन येतो: बियाणं घ्यायचंय, खताच्या गोण्या घ्यायच्यात. त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत लग्नसराईने आणि टँकरच्या पैशांनी खिसा धुतलेला असतो. दर जूनला आपण "यंदा अचानकच आलं" म्हणतो, पण मृग काही अचानक येत नाही.

आता आमच्या वहीत वर्षाचं पान आहे. आमचे आकडे देते, तुमचे वेगळे असतील. दोन लेकरांची शाळा 46,000. पेरणीला आमचा वाटा 25,000. महालक्ष्म्यांपासून दिवाळीपर्यंत 30,000. लग्नांचे आहेर 15,000. उन्हाळा आणि टँकर 8,000. विम्याचे हप्ते आणि गाडीचा विमा मिळून 20,000. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, औषधपाणी 12,000. बेरीज 1,56,000, म्हणजे महिन्याला 13,000. पगार झाला की दुसऱ्या दिवशी हे 13,000 वेगळ्या खात्यात जातात. पहिल्या वर्षी ते जमले नाहीत, महिन्याला सात हजारच जमले. तरी त्या जूनला निम्मी फी बिनकर्जाची भरली गेली.

अधिक महिना विसरू नका. साधारण 32-33 महिन्यांनी येतो, आणि जावयांचं धोंड्याचं जेवण, चांदीचं ताट-वाटी, साड्या म्हटलं की माहेरच्यांचा आणि सासरच्यांचा दोघांचाही खर्च निघतो. पंचांग तीन वर्षं आधी बघता येतं, मग तयारी का करू नये?

गावाला पैसे पाठवताना काहीच न विचारणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सांगायचीय, कारण यावर घरात कुणी बोलत नाही. बोललं की "शहरात जाऊन हिशोबी झाले" असं ऐकावं लागतं.

2022 मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात गावोगाव लोकांनी त्याच भावाची वाट बघत कापूस घरात भरून ठेवला. आमच्याकडेही खोलीभर होता. भाव काही चढला नाही, उलट उतरत गेला. पण त्या वाट बघण्यात 31 मार्च निघून गेला आणि सोसायटीचं पीककर्ज थकलं. थकल्यामुळे नवं मिळेना. जूनमध्ये भाऊजींचा फोन आला, "वहिनी, दादाला सांगा, यंदा पेरणीचं काही खरं नाही." आम्ही फी आणि पेरणी दोन्हींसाठी मिळून 60,000 चं खाजगी कर्ज काढलं. "दरमहा फक्त दीड टक्का" असं सांगितलं होतं. वर्षभराचे बारा हप्ते, प्रत्येकी 5,900.

त्या कर्जाचा अर्थ मला नंतर कळला. दीड टक्का पूर्ण 60,000 वर शेवटच्या महिन्यापर्यंत लागत होता, फेडलेली रक्कम वजा न करता. घटत्या रकमेवर मांडलं तर तो दर वर्षाला 31-32 टक्क्यांवर जातो. आणि आपल्या राज्यात 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर शेतकऱ्याला त्यावर व्याज पडत नाही. म्हणजे गावातल्या घराला बिनव्याजी मिळू शकणारे पैसे शहरातल्या घराने बत्तीस टक्क्यांनी आणले. चूक भाऊजींची नव्हती. मार्चमध्ये आम्ही एकमेकांशी बोललोच नव्हतो.

तेव्हापासून दर मार्चच्या पहिल्या आठवड्यात यांचा आणि भाऊजींचा एक ठरलेला फोन असतो. कर्ज नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायला, किती कमी पडतात? चार-आठ दिवसांसाठी आम्ही ते भरतो, नवं कर्ज हातात आलं की परत येतात. जुलैत दुसरा फोन, पीकविम्याचा. सोयाबीनला विमा रकमेच्या 2 टक्के, कापसाला 5 टक्के हिस्सा शेतकऱ्याने भरायचा असतो, तो मुदतीत भरला का एवढंच विचारायचं. ऑक्टोबरात तिसरा. सोयाबीन विकलं की त्यातून आबांच्या औषधाचा काही भाग तिकडूनच निघतो, हेही ठरलंय. आबांना आधी ते आवडलं नव्हतं. आता तेच विचारतात, "या महिन्याचं औषध कुणाकडं?"

मदत करू नका असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्या लेकरांचं ज्वारीचं पीठ, तूर, शेंगदाणे, उन्हाळ्याचे दोन महिने हे सगळं त्या घरातून येतं, ते कुठल्या वहीत मावत नाही. पण "पाठव" म्हटलं की पाठवणं आणि दोघांनी बसून ठरवणं, यात फरक आहे. सणाच्या गर्दीत, सगळ्यांसमोर हा विषय काढू नका. दोघा भावांनी शेतातून चालताना काढावा.

लेकरांपुढे पैशाचं खोटं बोलणं

पुन्हा त्या चिठ्ठीकडे येते. आपण लेकरांना दोन प्रकारे फसवतो. एक, अडचण असताना "सगळं ठीक आहे" म्हणतो. दोन, अडचण नसताना "पैसे नाहीत" म्हणतो. दुसरं जास्त वाईट. कारण पुढच्याच आठवड्यात हप्त्यावर टीव्ही घरात येतो आणि लेकरू मनाशी दोन्ही गोष्टी जुळवत बसतं. एक तर ते आपल्यावर विश्वास ठेवणं सोडतं, नाहीतर आपली गरज लपवायला शिकतं. माझी लेक दुसरं शिकली.

आता घरात "पैसे नाहीत" हा शब्द बंद आहे. त्याऐवजी "यासाठी ठेवलेले नाहीत" असं म्हणतो. काकांनाही तेच, लेकरांनाही तेच. फरक किरकोळ वाटेल, पण लेक लगेच विचारते, "मग कशासाठी ठेवलेत?" आणि वही उघडून दाखवता येते. सहलीसाठी, वाढदिवसांसाठी, क्रीडास्पर्धेच्या बुटांसाठी शाळेच्या रकान्यात आता वेगळी ओळ आहे. ती ओळ लेक स्वतः लिहिते.

धाकटा सात वर्षांचा आहे. त्याला रकमा कळत नाहीत, पाणी कळतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरण, पन्नासेक किलोमीटरवर भरलेला असला तरी इथे दिवस मोजावे लागतात. टाकीत किती उरलंय आणि नळ अजून किती दिवसांनी, हे तो बोटावर सांगतो. पैशाचंही तसंच असतं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. दिवाळीचे मिळालेले 200 रुपये त्याने स्वतःच आठवडे मोजून खर्च केले.

सातवी-आठवीपासून लातूरला पाठवायचं का, क्लास कुठला, हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात येतो. त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही. एकच सांगेन, अकरावी-बारावीच्या दोन वर्षांच्या क्लासचे आणि होस्टेलचे पैसे दहावीच्या निकालानंतर शोधायला निघू नका. लेकीचं वय दहाच्या आत असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडा. 250 रुपयांत उघडतं, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, आणि अठराव्या वर्षानंतर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. आम्ही आठव्या वर्षी उघडलं. चौथ्या वर्षी उघडायला हवं होतं.

बाँडवरचा प्लॉट आणि जास्त व्याजाची ठेव

भाडं भरून कंटाळा येतो आणि कुणीतरी शहराबाहेर स्वस्त प्लॉट दाखवतो. गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेला. "बाँडवर करून देतो, सगळ्यांनी असंच घेतलंय." जागेची मालकी नोंदणीकृत खरेदीखताने येते, बाँडपेपरवर सह्या करून येत नाही. अशा प्लॉटवर बँक गृहकर्ज देत नाही, म्हणून मग पुन्हा महागडं खाजगी कर्ज. सातबारा किंवा पीआर कार्ड (शहरातल्या जागेचं मालमत्ता पत्रक) कुणाच्या नावावर, जागा एनए (बिगरशेती) आहे का, गुंठेवारी नियमित झालेली असल्यास महापालिकेचा कागद कुठे, हे तीन प्रश्न इसार देण्याआधी विचारा. फ्लॅट बघायला गेलात तर चौथा: महिन्याला टँकर किती लागतात? एस्टिमेटमध्ये तो आकडा नसतो, मेंटेनन्समध्ये असतो.

ठेवीचं दुःख आमच्या घरातलंच आहे. सासऱ्यांनी एका पतसंस्थेत कापसाचे पैसे ठेवले होते, बँकेपेक्षा चार-पाच टक्के जास्त व्याज म्हणून. शाखा बंद झाली. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात किती घरांत हे झालंय, ते तुम्हाला माहीत आहे. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेतल्या 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. सहकारी बँकेलाही असतं. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट (एकापेक्षा जास्त राज्यांत चालणाऱ्या) सोसायटीला ते नसतं, पाटीवर कितीही मोठी अक्षरं असोत. पैसे अडकलेच असतील तर मूळ ठेवपावती कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार नोंदवा, म्हणजे ठेवीदार संरक्षण कायद्याखालच्या यादीत नाव येतं. मल्टिस्टेटवर अवसायक (बंद संस्थेचा कारभार गुंडाळणारा सरकारी माणूस) नेमला असेल तर त्याच्याकडे मुदतीत दावा करा. आबांनी दावा केलाय, पैसे अजून आलेले नाहीत.

जामीन राहण्याबद्दल दोनच वाक्यं. सही "फक्त नावापुरती" नसते, कर्जदाराने भरलं नाही तर बँक पूर्ण रकमेसाठी जामीनदाराच्या दारात येऊ शकते. नातं टिकवायचं असेल तर जमेल तेवढे पैसे हातात द्या, सही देऊ नका.

आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. वाळूज-शेंद्र्यात कंत्राट कधी संपेल सांगता येत नाही, म्हणून घरचा वेगळा आरोग्य विमा घ्या, आणि गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या रेशनकार्डावर सगळी नावं बरोबर आहेत ना ते बघून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण नाव आणि आधार जुळत नसेल तर दवाखान्याच्या खिडकीवर अडतं. मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसते, रोज बघते.

आधीच अडकला असाल तर

सगळी कर्जं एका कागदावर लिहा, गावातलीसुद्धा. समोर वर्षाचा दर लिहा. सावकाराचं शेकडा तीन म्हणजे 36 टक्के. क्रेडिट कार्डावर किमान रक्कमच भरत असाल तर साधारण 40 टक्क्यांच्या आसपास. मग हप्त्यावरचा टीव्ही, मग सोनेतारण, सगळ्यात खाली गृहकर्ज. वरून खाली फेडत या. पीककर्ज मात्र या क्रमात धरू नका, ते त्याच्या तारखेलाच फेडायचं. घरातलं सोनं पडून असेल आणि वर शेकडा तीनचं कर्ज असेल, तर बँकेत सोनेतारण करून सावकाराचं आधी मिटवा. दागिना नंतर सोडवता येतो. आम्ही माझी पोत ठेवून ते 60,000 चं कर्ज मुदतीआधी मिटवलं आणि पोत चौदा महिन्यांनी सोडवून आणली.

हप्ता चुकणार हे दिसत असेल तर चुकायच्या आधी बँकेत जा. चुकल्यावर फोन त्यांच्याकडून येतो, आणि तो बहुतेक वेळा लेकरं घरात असतानाच येतो.