क्रूझवर मोठा ग्रुप असणार असेल, तर निघण्याआधी एवढं कराच

पासपोर्ट, व्हिसा, औषधं, ऑनलाइन चेक-इन, मळमळीच्या गोळ्या. हे तुम्ही करणारच, त्यावर वेळ घालवत नाही. मी लिहायला बसले ती एकाच गोष्टीसाठी, कारण गेल्या खेपेला नेमकी तीच माझ्याकडून राहिली. आपल्या फेरीत जहाजावर कुठला मोठा ग्रुप आहे आणि त्यांच्यासाठी कोणत्या जागा किती वेळ बंद राहणार आहेत, हे फायनल पेमेंटच्या आधी विचारा. आधी. जहाजावर चढल्यावर नाही.

आम्ही गेलो होतो बाबांच्या पंचाहत्तरीला. महासागर ओलांडणारी फेरी मुद्दाम निवडली, कारण त्यात सलग सात दिवस बंदर नाही, नुसतं पाणी. जहाजाच्या नाकाशी, वरच्या डेकवर, तिन्ही बाजूंनी काचा असलेला लाउंज होता. बाबांना तिथे दुर्बीण घेऊन बसायचं होतं, बाकी काही नको होतं. पहिल्याच सकाळी ते गेले आणि पाच मिनिटांत परत आले. दारावर पाटी होती: खासगी कार्यक्रम. एका मोठ्या ग्रुपचं चर्चासत्र, सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच, सातही दिवस. लाउंज मोकळा व्हायचा तेव्हा उन्हं कलायला लागलेली असायची. बाबा एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच मला अजून टोचतं. गेस्ट सर्व्हिसेसच्या मुलीने शांतपणे सांगितलं की हे बुकिंग कित्येक महिने आधीच झालेलं होतं. म्हणजे मी विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलंच नाही.

ग्रुप म्हणजे काय, ते आधी समजून घ्या, म्हणजे उगाच घाबरणार नाही. बऱ्याच कंपन्यांत आठ केबिन, म्हणजे सोळा माणसं एकत्र आली की ग्रुपचं बुकिंग धरतात. त्या हिशेबाने जवळजवळ प्रत्येक फेरीत ग्रुप असतातच आणि त्यांचा कुणाला पत्ताही लागत नाही. दुसऱ्या टोकाला पूर्ण चार्टर. अख्खं जहाज एकाच आयोजकाने घेतलेलं असतं, २००१ पासून चालणाऱ्या ‘द रॉक बोट’ किंवा २०११ पासूनच्या ‘७०,००० टन्स ऑफ मेटल’ या संगीताच्या फेऱ्यांसारखं. तिथे बाहेरच्या माणसाला कंपनी तिकीटच विकत नाही, त्यामुळे तुमची गाठ पडायचा प्रश्न नाही. त्रास असतो तो मधल्या ग्रुपचा: दोनशे, चारशे, सहाशे माणसं, आणि बाकीचे तुमच्या-माझ्यासारखे. पाच हजारांच्या जहाजावर तीनशे जण विरघळून जातात. सहाशेच्या जहाजावर दोनशे असतील तर जहाज त्यांचंच वाटतं. म्हणून पहिला आकडा विचारायचा तो ग्रुपचा आणि दुसरा जहाजाच्या एकूण प्रवाशांचा. एकट्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरं, फेरीचा आराखडा बघा. चर्चासत्रं, वर्ग, ब्रिजचे डाव, नृत्याचे सराव, डॉक्टरांची शिक्षणसत्रं हे सगळं सी डेला, म्हणजे जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवशी होतं, कारण बंदराच्या दिवशी ग्रुपमधली माणसंही खाली उतरतात. रोज नवं बंदर असेल तर तुम्हाला फारसा फरक पडणार नाही. महासागर ओलांडणाऱ्या फेऱ्या, ऋतू बदलताना जहाज एका भागातून दुसरीकडे नेतात त्या फेऱ्या, इथे सी डे ओळीने येतात आणि ग्रुपनाही नेमक्या त्याच आवडतात. अशी फेरी घेत असाल तर विचारणं टाळूच नका. मी अशीच फेरी घेतली होती.

आता विचारायचं कसं. “कुठला ग्रुप आहे का हो?” असं मोघम विचारलंत तर “असतील काही” एवढंच उत्तर येईल. ग्रुपचं नाव खासगीपणामुळे कित्येकदा सांगत नाहीत, आणि नावाशी तुम्हाला घेणंही नाही. ट्रॅव्हल एजंटमार्फत बुकिंग असेल तर त्याला कंपनीच्या ग्रुप विभागाला विचारायला लावा. थेट केलं असेल तर स्वतः फोन करा. प्रश्न नेमके ठेवा. या तारखेच्या फेरीत जहाजाच्या दहा-वीस टक्क्यांहून मोठा ग्रुप आहे का? सी डेला कोणत्या सार्वजनिक जागा खासगी कार्यक्रमांना दिल्या आहेत, कोणत्या वेळी? थिएटरचा एखादा शो फक्त त्यांच्यासाठी आहे का? तुमच्या जिवाची जी जागा असेल (पत्त्यांची खोली, ग्रंथालय, डान्स फ्लोअर, पुढचा लाउंज) तिचं नाव घेऊन विचारा. उत्तर ईमेलवर मागा. फोनवरचं “काही प्रॉब्लेम नाही मॅडम” धरून चालू नका. कोणती जागा कुणाला द्यायची हे कंपनीचं अजून ठरलं नसेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा, पण फायनल पेमेंटच्या आत.

फोनशिवायही शोधता येतं. जहाजाचं नाव आणि निघायची तारीख एकत्र टाकून शोधा. आयोजक त्यांच्या फेरीची जाहिरात स्वतःच करत असतात, आणि कार्यक्रमाची रूपरेषाही कित्येकदा तिथेच असते.

आणि हे फायनल पेमेंटच्या आधीच का? ही तारीख साधारण अडीच-तीन महिने आधीची असते, लांब फेरीला त्याहूनही आधीची. बुकिंगच्या कागदावर छापलेली असते. तोपर्यंत डिपॉझिट परत मिळणाऱ्या प्रकारातलं असेल तर फेरी बदलता येते, रद्द करता येते. त्यानंतर दंड सुरू होतो आणि निघायची तारीख जवळ येईल तसा वाढतो. नेहमीचा प्रवास विमा यात मदत करत नाही. ग्रुपमुळे लाउंज मिळाला नाही हे त्याच्या कारणांत बसत नाही. कुठल्याही कारणाने रद्द करता येणारा विमा वेगळा असतो. तो पहिले पैसे भरल्यावर थोड्याच दिवसांत घ्यावा लागतो आणि पूर्ण रक्कम देत नाही. प्रवासाच्या करारात जागा आणि कार्यक्रम बदलायचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो, म्हणून नंतर भांडून फार काही हाती लागत नाही. मी भांडून पाहिलंय. तेव्हा फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेच्या तीन आठवडे आधीची आठवण आत्ताच लावा. वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

जाता जाता: तुम्ही बुकिंग केल्यानंतरही एखादी फेरी पूर्ण चार्टरला दिली जाऊ शकते. कंपनी पैसे परत करते किंवा दुसरी तारीख देते, पण तुमचं विमानाचं तिकीट तुमच्याच गळ्यात राहू शकतं. परत न मिळणारं तिकीट फार लवकर काढू नका.

ग्रुपचा विषय तुमच्याही आवडीचा निघाला तर उत्तमच, पण तेव्हाही वेळेतच हालचाल करा. त्यांच्या सत्रांना बहुतेकदा त्यांच्या आयोजकामार्फत बुकिंग केलेल्यांनाच प्रवेश असतो. साधं बुकिंग करून नंतर “मलाही बसू द्या” म्हटलं तर जमत नाही. काही ग्रुप तर शेजारी म्हणून हवेतच. १२ ऑगस्ट २०२६ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा ग्रीनलंड, आइसलँड आणि स्पेनवरून जातो; त्या बाजूच्या फेरीत ग्रहण बघणारे जाणकार भरपूर भेटतील. फक्त ते ट्रायपॉड घेऊन उघड्या डेकवर कित्येक तास आधीपासून जागा धरतील, हे लक्षात ठेवा.

केबिन निवडताना डेक प्लॅनवर वरचा आणि खालचा मजला बघा. थिएटर, डान्स फ्लोअर, पूल डेक यांच्या लगत नको. शेजारच्या केबिनला जोडणारं दार असलेली केबिनही नको. ग्रुपमधली कुटुंबं अशा जोड केबिन घेतात आणि दारातून आवाज येतो. जेवणाची वेळ ठरावीक असेल तर ग्रुप कोणत्या पाळीत आहे ते विचारून दुसरी घ्या. वेळ मोकळी असेल तर त्यांचा कार्यक्रम सुटल्यावरची अर्धी घटका टाळा. वेगळे पैसे भरून जेवायची रेस्टॉरंट घरूनच आरक्षित करा, मोठे ग्रुप ती आधी भरतात.

चढल्याच्या दिवशी, सामान खोलीत यायच्याही आधी, गेस्ट सर्व्हिसेसकडे जा आणि खासगी कार्यक्रमांचं पूर्ण फेरीचं वेळापत्रक मागा. रोजच्या कार्यक्रमपत्रकात फक्त उद्याचं कळतं. ज्या वेळा मोकळ्या आहेत त्या लिहून घ्या. तुमच्याबरोबर वयस्कर माणूस असेल आणि त्याची एकच इच्छा असेल तर ती तिथे स्पष्ट सांगा, शक्यतो हॉटेल डायरेक्टरपर्यंत, म्हणजे जहाजावरची राहण्या-जेवण्याची सगळी व्यवस्था बघणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत पोचवा. आम्ही हे पाचव्या दिवशी केलं. तेव्हा कळलं की जेवणाच्या सुट्टीत बारा ते दोन लाउंज उघडा असायचा, फक्त पाटी काढायची राहून जायची. शेवटचे दोन दिवस बाबा तिथे बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉल्फिन दिसले.

ग्रुपच्या माणसांवर राग काढू नका, त्यांनीही पैसे भरलेत. गळ्यात बिल्ला असलेल्यांच्या पार्टीत घुसू नका. पत्रकात ‘फ्रेंड्स ऑफ बिल डब्ल्यू.’ अशी ओळ दिसली तर ती दारू सोडलेल्यांची बैठक असते, कुतूहल म्हणून डोकावू नका. गायकांचा ग्रुप असेल तर शेवटी सगळ्यांसाठी गातात का, ते जरूर विचारा.

बंदरांबद्दल थोडक्यात. जहाज नांगर टाकून लहान बोटींनी नेणार असेल तर ग्रुप एकदम खाली येतो, एक तर सगळ्यात आधी जा नाहीतर तासाभराने. सहली आधीच बुक करा. शेवटच्या सकाळी सामान स्वतः उचलता येत असेल तर उचलून उतरा, लिफ्ट मिळणार नाही असं धरून चाला. बाकी नेहमीचंच.

आणि ती तारीख. कॅलेंडरमध्ये आठवण लावली का?