ह्यो माझा लाल न्हाई

भिंती रंगवणाऱ्या पोरांवर डॉक्युमेंटरी करायची आहे, सुरुवात कुठून करू, असं हल्ली बरेच जण विचारतात. कॅमेरा, माईक, ट्रायपॉड यातलं जुजबी तुम्हाला येत असेलच. मी जिथं आपटलो तेवढंच नीट सांगतो.

कोल्हापुरात आमच्या पेठेत तालमीच्या भिंतीवर फुटबॉल टीमचा खेळाडू रंगवायचा होता. स्प्रेवाली तीन पोरं आणि आउटलाइन टाकायला एक जुने साइनबोर्ड पेंटर, सगळ्यांचे मामा. दिवसभराचं टाइमलॅप्स ठरलं, म्हणजे ठरावीक वेळाने एकेक फोटो घेऊन दिवसभराचं काम भराभर पळवून दाखवायचं. दर १० सेकंदांना एक फ्रेम, ८ तास, म्हणजे २,८८० फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने दोन मिनिटांना थोडं कमी. ज्यांच्याकडे फी भरून दोन दिवसांचं वर्कशॉप केलं होतं ते म्हणालेले, "ऑटोवर ठेव, बाकीचं एडिटला बघू." ठेवलं.

संध्याकाळी मामांना लॅपटॉपवर दाखवलं. चष्मा कपाळावर सारून ते स्क्रीनला नाक लावून बसले. "ह्यो माझा लाल न्हाई." खरंच नव्हता. जर्सी केशरी झालेली. आणि कोल्हापुरात टीमचा रंग बदलून दाखवणं म्हणजे मॅचच्या दिवशी शाहू स्टेडियमवर समोरच्यांच्यात जाऊन बसणं.

झालं काय, तर सकाळी भिंतीवर पांढरा प्रायमर होता. कॅमेऱ्याला वाटलं उजेड फार आहे, त्याने चित्र अंधारं केलं. लाल भरत गेला तशी भिंत गडद झाली, मग त्याने एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवत नेलं, इतकं की लाल चॅनेल फुटला, म्हणजे लाल नोंदवायची कॅमेऱ्याची हद्द संपली, आणि लाल केशरीकडे सरकला. भरीला ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप रंग सावरतो ते. फ्रेमभर लाल दिसल्यावर त्याला वाटलं उजेडच तांबडा आहे, म्हणून त्याने निळं घातलं. खेळाडूचे पांढरे मोजे निळसर! पेंटर दिवसभर भिंत बदलत असतो आणि ऑटोवरचा कॅमेरा त्याचं काम खोडत बसतो. फुटलेला चॅनेल एडिटला परत येत नाही. मी तीन रात्री घालवल्यात, तुम्ही घालवू नका.

म्हणून सगळं मॅन्युअल. उन्हात व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनला बांधा, आयएसओ आणि अ‍ॅपर्चरही बांधा. दर तासाला भिंतीपाशी ग्रे कार्ड, म्हणजे एडिटला रंग ताडून बघायचं करडं कार्ड, धरून एक फ्रेम घ्या. ढग आले तर चित्र अंधारं होऊ दे, ते खरं असतं. रात्री दिव्याखाली शटर १/५० किंवा १/१००, नाहीतर पट्टे लुकलुकतात. विकतचे प्रीसेट, म्हणजे रंगांची तयार सेटिंग्ज, हा माझ्या मते आळशीपणा आहे. पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा सिनेमा आणला. आपल्याला चार बटणं फिरवायला काय होतंय?

परवानगीचं थोडक्यात. सार्वजनिक जागी कायमची असलेली कलाकृती फिल्ममध्ये आली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार ते उल्लंघन नाही. पण विनापरवाना रंगवलेली भिंत असेल तर मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा राज्याचा १९९५ चा कायदा आहे, आणि तुमचं फुटेज म्हणजे आयता पुरावा. चेहरा दाखवू का, हे आधी विचारा. विचारलं की पोरं उलट मोकळी होतात. स्प्रेची कॅप बदलली की रेघ कशी जाड होते, हे मला त्यांनीच दाखवलं.

एवढं वाचून घाबरू नका. माझी पहिली फिल्म बिघडूनही पूर्ण झाली. तालमीत दाखवली तेव्हा टाइमलॅप्स मी काढूनच टाकलं होतं. शेवटपर्यंत मामा गप्प बसले होते. दिवे लागल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आणि माझी भिंत कुठाय?"