चाकांवरून बर्फावर: फिगर स्केट्सवर थांबायचं कसं

जळगाव-धुळ्याकडची पोरं स्केटिंग शिकतात ती सिमेंटच्या कोब्यावर, चार चाकांच्या क्वाडवर किंवा एका ओळीतल्या इनलाइनवर. त्यांतलं कुणी देहरादूनच्या हिमाद्री या बर्फाच्या रिंकसारख्या ठिकाणी फिगर स्केट्स, म्हणजे चाकांऐवजी तळाला ब्लेड असलेले बूट, घालून पहिल्यांदा उतरलं, की तोल आणि वळण बऱ्यापैकी जमतं. फसतं ते थांबणं. क्वाडला पंजाखाली रबरी स्टॉपर असतो, इनलाइनला टाचेमागे ब्रेक. फिगर स्केटला दोन्ही नाहीत. ब्लेडच्या पुढच्या टोकाला दाते असतात, त्यांना टो-पिक म्हणतात. ते उड्या आणि गिरक्यांसाठी असतात. सवयीनं त्यांनाच स्टॉपर समजून पुढे जाताना पंजा दाबला, की दाते बर्फात रुततात, पाय जागीच अडकतो आणि अंग पुढे फेकलं जातं. हनुवटी फुटते ती अशी. म्हणून बर्फावर पाय ठेवण्याआधी एक गोष्ट पक्की करा: पुढे जाताना पंजा खाली दाबायचा नाही.

मग थांबायचं कशावर? ब्लेड साधारण ४ मिलिमीटर जाड असतं. त्याच्या तळाला लांबीभर उथळ चर असतो आणि चराच्या दोन्ही बाजूंना धारदार कडा, अंगठ्याच्या बाजूची इनसाइड एज आणि करंगळीच्या बाजूची आउटसाइड एज. ब्लेड जाण्याच्या दिशेला आडवं केलं की कड बर्फ किसते आणि वेग मरतो. गोळेवाल्याचा रंधा आठवा. पातं जरासंच वर असेल तर भुसभुशीत कीस पडतो; जास्त वर काढलं तर बर्फ अडकतो आणि हाताला हिसका बसतो. इथेही तेच. ब्लेड जवळजवळ उभं ठेवलं तर ते किसतं, फार कललं तर चावतं. बरोबर जमलं की ‘खर्रर्र’ असा सलग आवाज येतो आणि ब्लेडपुढे पांढरा भुगा साचतो. भुगा नाही आणि आवाजही नाही, तर तुम्ही फक्त घसरताय.

पहिला शिकायचा तो स्नोप्लाऊ, म्हणजे पंजा आत वळवून ब्लेड बाहेर ढकलत थांबणं. त्याची तयारी घरच्या शहाबादी फरशीवरही होते. सुती मोजे घाला, भिंतीला हात टेकवा, सगळं वजन वाकवलेल्या डाव्या गुडघ्यावर घ्या. उजव्या पायाचा पंजा किंचित आत वळवा आणि अख्खा तळवा फरशीला टेकलेला ठेवून पाय पुढे-बाहेर ढकला. घोट्यानं नव्हे, मांडीनं. दोन्ही पायांनी वीस-वीस वेळा. पाय उचलला जात असेल किंवा अंगठ्यावर भार येत असेल, तर बर्फावरही तेच होणार.

रिंकवर गेल्यावर आधी कठडा धरून उभ्या जागी हेच करा. ब्लेडखाली पसाभर कीस जमेपर्यंत पुढे सरकू नका. मग चालण्याच्या वेगात दोन्ही पायांवर सरका, गुडघे वाकवा, आणि थांबवणारा पाय थोडा हलका करून बाहेर ढकला. सगळी मेख या हलकेपणात आहे. पूर्ण वजन असलेलं ब्लेड आडवं सरकत नाही, रुतून बसतं. सरकायला लागलं की मग हळूहळू भार वाढवायचा. पाय आत वळून दुसऱ्या पायावर आदळत असेल तर इनसाइड एज जास्त झाली. घोटा सरळ करा. थांबताना अंग गोल फिरत असेल तर खांदे पायाबरोबर वळताहेत. दोन्ही हात पोटासमोर, टेबलावर ठेवल्यासारखे धरा. एका पायानं जमलं की दुसऱ्यानं, मग दोन्हींनी.

टी-स्टॉप क्वाडवाल्यांना ओळखीचा वाटतो, आणि म्हणूनच चुकतो. क्वाडवर मागच्या पायाची चारही चाकं सपाट फरफटतात. बर्फावर मागचं ब्लेड आउटसाइड एजवर घासायला हवं. डाव्या पायावर सरका, गुडघा वाकलेला ठेवा. उजवा पाय डाव्या टाचेमागे काटकोनात आणा, त्याच्या ब्लेडचा मधला भाग टाचेच्या अगदी मागे येईल असा. मग करंगळीच्या बाजूनं हलकेच टेकवा. आधी वजन पुढच्याच पायावर राहू द्या, नंतर थोडं थोडं मागे न्या. बहुतेकांचा घोटा आत कोसळतो आणि इनसाइड एज फरफटते. वेग कमी होतो पण थांबणं येत नाही. मांडी खुब्यातून बाहेर उघडत नसेल तर अंग मागच्या पायाकडे वळतं. त्यासाठी घरी ओट्याला धरून टी आकारात उभं राहायची रोज सवय ठेवा.

हॉकी-स्टॉप घाईनं शिकू नका, पण शिकताना फार सावकाशही जाऊ नका. वेग कमी असला तर ब्लेड घासण्याऐवजी वळण घेतं. साध्या धावण्याइतका वेग पुरे. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे वाकलेले. क्षणभर वर उठा, म्हणजे ब्लेड हलकी होतात. त्याच क्षणी कंबरेपासून खाली दोन्ही पाय काटकोनात फिरवा आणि पुन्हा खाली बसा. छाती जाण्याच्या दिशेलाच राहते. पुढचा पाय इनसाइड एजवर, मागचा आउटसाइड एजवर. भार टाचेवर गेला तर ढुंगणावर आपटाल, टोकावर गेला तर दाते अडकतील. तळव्याच्या मधोमध, किंचित पुढे ठेवा.

मागे जाताना उलटा स्नोप्लाऊ करा: पाय फाकवून टाचा आत, पंजे बाहेर, अंग जरा पुढे, आणि इनसाइड एजनी बाहेर दाबा. मागे जाताना दाते फरफटवूनही थांबता येतं, पण बर्फात खोल चरे पडतात आणि मागून येणाऱ्याचं ब्लेड त्यात अडकतं. शिवाय पंजा दाबायची जुनी सवय घट्ट होते.

नुकती धार लावलेली ब्लेड चावतात. अशा दिवशी सुरुवातीला कठड्याशी दहा-पंधरा मिनिटं नुसता कीस पाडा. कोब्यावर किंवा मातीत ब्लेड उघडं टेकवू नका. एका खड्यानं कडेला खाच पडली की नेमकं थांबताना तिथेच अडकायला होतं. चालताना प्लास्टिकचे गार्ड घाला, बर्फावर उतरताना ते आठवणीनं काढा. घरी नेताना ब्लेड कोरड्या फडक्यानं पुसून कापडी कव्हरात ठेवा, प्लास्टिकच्या गार्डात नको. त्यात ओल राहते आणि गंज चढतो.