आधार पाठवण्याआधी: एका झेरॉक्सवाल्याचं सांगणं

कोरेगाव तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. "दादा, व्हॉट्सॲप केलंय, प्रिंट काढा," हे दिवसातून तीसदा ऐकतो. माणसं प्रिंट घेतात, दहा रुपये स्कॅन करतात, जातात. त्यांचं आधार, पासबुकाचं पहिलं पान, लेकीचा जातीचा दाखला माझ्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये पडून राहतो. मी रोज पुसतो, पण हे त्यांना कुठं माहीत असतं?

ऑनलाइनला मी नावं ठेवणार नाही, पोट त्यावरच आहे. सात-बाऱ्यासाठी तलाठ्याच्या सज्जावर हेलपाटे घातलेली म्हातारी माणसं माझ्या बाकावर बसतात, आणि डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत घेऊन जातात. म्हणून मी गिऱ्हाइकाला एवढंच विचारायला शिकवतो: हे दिलं नाही तर काम अडतं का?

सुरुवात आधारपासून करा. मायआधारच्या साइटवर डाउनलोड करताना 'मास्क्ड'च्या चौकटीत टिक करा. पहिले 8 आकडे झाकले जातात, शेवटचे 4 दिसतात. लॉजवर किंवा घरमालकाला आधी तेच द्या. पूर्ण नंबर खरंच लागत असेल तर समोरचा सांगेलच, तेव्हा कशाला ते विचारा. फाइलला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल, हाच तो पासवर्ड. या दोन्ही गोष्टी तुम्ही सोबतच्या फॉर्मवर लिहून दिलेल्या असतात.

प्रिंट झाल्यावर 'डिलीट फॉर एव्हरीवन' दाबून समाधान मानू नका. ते साधारण अडीच दिवसांच्या आतच चालतं, आणि चालून फक्त चॅटमधलं जातं. दुकानदारानं उतरवून घेतलेली फाइल तशीच राहते. पैसे देण्याआधी डाउनलोड्स आणि रीसायकल बिन दोन्ही रिकामं करायला लावा. आमच्याकडं एक निवृत्त गुरुजी येतात. बिन रिकामं होईपर्यंत खुर्चीमागून हलत नाहीत. पहिल्यांदा मला राग आला होता. आता त्यांची चप्पल वाजली की माझा हात आपोआप माऊसवर जातो.

अंगठ्याचं गणित मात्र घरागणिक वेगळं. आधारवर अंगठा लावून खात्यातले पैसे निघतात, त्यामुळं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठ्याला कुलूप, लावलेलं बरं. माझं लावलेलं आहे. आईचं मुद्दाम लावलेलं नाही. बँक तिच्यापासून नऊ किलोमीटरवर, गावातच अंगठा देऊन ती पेन्शन काढते, आणि दरवेळी लॉक उघडायला मी शेजारी नसतो. तिथं मी सोयीच्या बाजूनं गेलो. पण त्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवतो, बाकीचे एफडीत.

कपड्याच्या दुकानात बिल करताना मोबाईल नंबर मागतात. "नंबर नाही देत" म्हणा आणि गप्प उभे राहा. नंबर दिला नाही म्हणून विक्री अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्यानं मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावलंय. मिक्सर-फ्रिजची वॉरंटी असेल तर द्या, तिथं तो आपल्याच कामाला येतो.

कोणाचा फोन आलाय ते नावासकट दाखवणारी ॲप्स आपली कॉन्टॅक्ट यादी मागतात. ती यादी एकट्या आपल्या मालकीची नसते. माझ्या फोनात एकजण 'उधारी 640' या नावानं आहे. बिचाऱ्याचं ते नाव जगाला कळायला नको. अशा ॲपला मी परवानगी देत नाही, अनोळखी फोन दोनदा वाजला तर उचलतो. लोकेशन मागितलं तर 'ॲप वापरताना' एवढंच निवडा. यूपीआय आयडीत मोबाईल नंबर दिसत असेल तर ॲपमध्ये दुसरा आयडी तयार करून तो द्या.

आणि आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. सरकारच्या दूरसंचार खात्याच्या 'संचारसाथी' साइटवर आपला नंबर टाका, ओटीपी भरा, आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. माझ्या नावावर चार निघाली, वापरात तीन. चौथ्यापुढं 'माझं नाही' नोंदवलं. मग आजवर आधारची झेरॉक्स कुणाकुणाला दिली ते वहीत लिहायला बसलो, तर पान उलटावं लागलं.